पांढऱ्या धुराची तक्रार: रबाळे-महापे पट्ट्यातल्या एका एलएनजी टाकीच्या कन्सेंटचं प्रकरण

आधीच सांगून टाकतो, ह्या प्रकरणात निम्मी चूक माझी आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीचा, म्हणजे कन्सेंटचा, अर्ज सल्लागार म्हणून मी भरला होता, ड्रॉइंगवर सही क्लायंटची असली तरी ते बघून "चालेल" म्हणणारा मीच, आणि जानेवारीतल्या कोरड्या दुपारी साइट बघून जुलैचा अंदाज बांधणारा पण मीच. कंपनीचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. नवी मुंबईतल्या टीटीसी एमआयडीसीत, रबाळे आणि महापेच्या मधे, पारसिकच्या डोंगराच्या बाजूला असलेल्या एका गल्लीत खाद्यपदार्थांचा कच्चा माल बनवणारा कारखाना, सहा टनी (तासाला सहा टन वाफ देणारा) बॉयलर, फर्नेस ऑइलवर चालणारा, एवढं पुरे.

पाइपचा गॅस ठाणे-बेलापूर रोडच्या बाजूला आलेला होता पण आमच्या गल्लीपर्यंत नव्हता. रस्ता खोदायची परवानगी, मग पावसाळा आला की खोदकाम बंद, मग परत नवीन अर्ज, असं चाललं होतं. मालकाला फर्नेस ऑइल सोडायचं होतं कारण मोठे गिऱ्हाईक आता ऑडिटला येतात आणि चिमणीकडे बोट दाखवून विचारतात. म्हणून ठरलं की पाइप येईपर्यंत दोन वर्षं एलएनजी टँकरने आणायचा, साठ घनमीटरची उभी व्हॅक्यूम टाकी भाड्याने घ्यायची, त्याच्या शेजारी व्हेपोरायझर, तिथून गॅस बॉयलरला. टँकर दहेजहून येणार.

एलएनजी म्हणजे काय हे थोडक्यात, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. नैसर्गिक वायू, म्हणजे मुख्यतः मिथेन, उणे १६२ अंशाला नेला की द्रव होतो आणि आकारमान साधारण सहाशेपट कमी होतं. म्हणून टँकरने आणणं परवडतं. वापरायच्या आधी त्याला परत गरम करून वायू करावा लागतो, ते काम व्हेपोरायझर करतो. आमच्याकडचा साधा हवेवरचा होता, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पंखवाल्या नळ्यांचा उंच पिंजरा, आतून एलएनजी जातो, बाहेरची हवा त्याला ऊब देते. पंखा नाही, बर्नर नाही, वीज नाही. दोन पिंजरे असतात, एकावर बर्फ साचला की दुसरा चालू करायचा.

आता हिशेब. तासाला ४०० किलो फर्नेस ऑइल जळायचं. गंधक साडेतीन टक्के धरलं तर तासाला १४ किलो गंधक, आणि त्याचं जळून २८ किलो सल्फर डायऑक्साइड. वीस तास बॉयलर चालला तर दिवसाला ५६० किलो. चिमणीच्या उंचीचं सूत्र आहे, चौदा गुणिले क्यूचा ०.३ घात, क्यू म्हणजे तासाला किती किलो सल्फर डायऑक्साइड. २८ घाला, ३८ मीटर येतात. कारखान्याची चिमणी तेवढीच होती, म्हणजे ज्याने बांधली त्याने हिशेब करून बांधली होती. तेवढीच उष्णता एलएनजीतून काढायला तासाला साधारण ३२५ किलो लागतो आणि गंधक जवळजवळ शून्य. नॉक्सचं, म्हणजे नायट्रोजनच्या ऑक्साइडांचं, बघायचं तर अमेरिकेच्या ईपीए ह्या पर्यावरण संस्थेचं एपी-४२ नावाचं बाड आहे, त्यात इंधनाप्रमाणे आकडे दिलेत (पाउंड, गॅलन, घनफूट, सगळं आपल्याला बदलून घ्यावं लागतं, डोकं उठतं), त्याप्रमाणे फर्नेस ऑइलवर तासाला पावणेतीन किलोच्या आसपास आणि गॅसवर साध्या बर्नरने पाऊण किलो. लो-नॉक्स बर्नर घेतला तर त्याच्याही निम्मं. म्हणजे कुठूनही बघितलं तरी हवा सुधारणारच होती, आणि हीच आमची अडचण झाली, कारण सगळ्यांनी धरून चाललं की गॅसवर जातोय म्हणजे कन्सेंट काय, फॉर्मॅलिटीच.

फॉर्मॅलिटी नसते. वायू कायदा १९८१ चा, त्याच्या कलम २१ खाली मंडळाची संमती लागते, आणि महाराष्ट्रात ती कन्सेंट टू ऑपरेट म्हणून ज्या कागदावर मिळते त्यात प्रत्येक चिमणीची ओळ असते. कशाला जोडली आहे, उंची किती, इंधन कुठलं, किती, गंधक किती टक्के, सल्फर डायऑक्साइड दिवसाला किती किलो. इंधन बदललं की ती ओळच खोटी होते. मग ऑनलाइन अर्ज, सीएचं सर्टिफिकेट, फी, क्वेरी, साइट व्हिजिट. त्यात आपण नवी मुंबईत. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने औद्योगिक पट्ट्यांचे प्रदूषण निर्देशांक काढले त्यात नवी मुंबईला ७३.७७ मिळाले होते, आणि ७० च्या वर म्हणजे क्रिटिकली पोल्युटेड. तेव्हापासून ह्या पट्ट्यात कुणी चिमणी, इंधन असले शब्द काढले की टेबलापलीकडचा माणूस सावध होतो, आणि त्यात त्याचं चूक काही नाही.

प्लँट हेड मात्र वेगळ्याच कारणाने सावध झाला. त्याने रात्री बसून नेटवर अमेरिकेतल्या एलएनजी प्लँटच्या हवेच्या परवान्यांची कागदपत्रं काढली आणि सकाळी फोन केला, "अहो, तिथे तर शेकडो पानं असतात, फॉर्मल्डिहाइड पण मोजतात, आपला अर्ज एवढासाच का?" मी म्हटलं साहेब, तिकडचे ते प्लँट गॅस *द्रव करणारे* आहेत, परदेशी पाठवायला. त्यांच्याकडे गॅसमधलं गंधक नि कार्बन डायऑक्साइड काढणारे टॉवर असतात, थंड करणारे अजस्र कॉम्प्रेसर असतात, ते बहुतेक ठिकाणी गॅस टर्बाइनवर चालतात, वर फ्लेअर, म्हणजे नको असलेला गॅस जाळायची मशाल. सगळा जाळ त्या टोकाला. आपण दुसऱ्या टोकाला बसलोय, आलेला द्रव परत वायू करायचा आणि बॉयलरमधे जाळायचा. फॉर्मल्डिहाइडचं म्हणाल तर तो टर्बाइनचा नियम आहे, २००४ मधे आला, त्याच वर्षी गॅसवाल्या टर्बाइनपुरता थांबवून ठेवला, आणि ती स्थगिती उठली थेट मार्च २०२२ मधे. आपल्याकडे टर्बाइनच नाही.

एक गोष्ट मात्र त्यांची मला आवडते. तिथे हिशेब वर्षाच्या टनांवर होतो, आणि तोही यंत्र वर्षाचे सगळे ८,७६० तास पूर्ण क्षमतेने चाललं तर किती, असा. आपला बॉयलर तसा धरला तर नॉक्स साडेसहा टनांच्या आसपास येतो, तिथला मोठ्या परवान्याचा साधारण उंबरठा १०० टनांचा आहे. आपल्याकडे चिमणीतल्या एका घनमीटर हवेत किती मिलिग्रॅम, ह्यावर जास्त जोर. दोन्हीला आपापली जागा आहे, पण वर्षाचा हिशेब करायला बसलं की माणूस आपोआप विचारतो, "वर्षभर" म्हणजे पावसाळ्यात पण ना? तो प्रश्न मी विचारला नाही.

जानेवारीत मंडळाच्या फील्ड ऑफिसर मॅडम साइटला आल्या. हातात आमचं ड्रॉइंग. बॉयलरची चिमणी बघितली, डीजी सेट, म्हणजे डिझेल जनरेटर, बघितला (६२५ केव्हीएचा, त्याची चिमणी इमारतीच्या वर पाच मीटर, कारण सूत्रात केव्हीएचं वर्गमूळ गुणिले ०.२ आहे आणि ६२५ चं वर्गमूळ २५, हा एक हिशेब आयुष्यात तोंडी होतो), आणि मग टाकीशेजारच्या बारीक उभ्या पाइपसमोर थांबल्या.

"ही तिसरी चिमणी कसली? काय जळतं इथे?"

"काही जळत नाही मॅडम, तो व्हेंट आहे. टाकीत प्रेशर वाढलं की सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो, तिथून वर जातो."

"काय वर जातं?"

"गॅस."

"कुठला गॅस?"

आता मिथेन म्हणण्याला पर्याय नव्हता. त्या हसल्या, म्हणाल्या जाळलेला धूर मी मोजायचा आणि न जाळलेला गॅस तुम्ही ड्रॉइंगमधे चिमणी म्हणून दाखवायचा, मग टेबलात त्याची ओळ कुठाय? खरं होतं. ड्रॉइंगवर एस-३, म्हणजे तिसरी चिमणी, लिहिलेलं, टेबलात दोनच ओळी. ड्राफ्ट्समनने उभा पाइप दिसला म्हणून एस-३ टाकला होता आणि मी बघितलं नव्हतं.

पण त्यांचा प्रश्न ड्रॉइंगच्या चुकीपेक्षा मोठा होता. हवेची जी राष्ट्रीय मानकं आहेत, नोव्हेंबर २००९ ची, त्यात बारा घटक आहेत. पीएम १०, पीएम २.५, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड, ओझोन, शिसं, कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया, बेंझीन, बेंझो-ए-पायरीन, आर्सेनिक, निकेल. मिथेन नाही. बरोबरही आहे एका अर्थी, मिथेन श्वासात गेल्याने माणूस खोकत नाही. पण तापमानवाढीच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या शंभर वर्षांत २८ पट आणि वीस वर्षांत ८० पटीच्या वर धरतात. तो पाइप बघणारी दुसरी संस्था आहे, पेसो, म्हणजे केंद्राची पेट्रोलियम आणि स्फोटकं सुरक्षा संस्था, ती एसएमपीव्ही (दाबाच्या टाक्यांच्या) नियमांखाली टाकीचं लायसन्स देते, पण ती बघते स्फोट आणि आग, म्हणजे व्हेंट पुरेसा उंच आहे का, व्हॉल्व्हची टेस्ट झाली का. बेलापूरला एकाच दुपारी चालत चालत मंडळाचं आणि पेसोचं अशी दोन्ही ऑफिसं करता येतात, आणि त्या एका पाइपमधून वर्षाला किती गॅस गेला हे दोन्हीकडे कुणी विचारत नाही. त्या दिवशी मॅडमनी विचारलं, तेही ड्राफ्ट्समन चुकला म्हणून.

मी हिशेब करून दिला. टाकीत साधारण २३ टन द्रव. अशा व्हॅक्यूम टाकीत उष्णता शिरून दिवसाला ०.१५ टक्क्याच्या आसपास वाफ होते असं धरलं, म्हणजे ३५ किलो. बॉयलर चालू असताना ती वाफ बॉयलरच खातो, काही प्रश्न नाही. प्रश्न सुट्टीचा. आमच्याकडे कामगार निम्मे कोकणातले, गणपतीत पाच दिवस प्लँट बंद म्हणजे बंद, मालकाने काही केलं तरी. पाच दिवसांचे झाले १७५ किलो, सगळे उडाले असं वाईटात वाईट धरलं तर २८ ने गुणून ४.९ टन कार्बन डायऑक्साइडइतके. बॉयलर तासाला नऊशे किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो, म्हणजे साडेपाच तासांचा बॉयलर. आकाश कोसळणार नाही, पण शून्यही नाही. अर्जात हे पान जोडलं, व्हेंटला एस-३ च्या ऐवजी "सेफ्टी व्हेंट, ज्वलन नाही" लिहिलं, व्हेंटची नोंदवही ठेवू असं स्वतःहून लिहून दिलं. क्वेरी मिटली, सुधारित कन्सेंट आलं. व्हेपोरायझरचा उल्लेख अर्जात एका ओळीत होता, "उत्सर्जन नाही". ही ओळ खरी होती. आजही खरी आहे. पण तिनेच जुलैत आमची झोप उडवली.

जूनच्या मध्यावर प्लँट सुरू झाला. पहिले पंधरा-वीस दिवस पाऊस असा पडत होता की पिंजऱ्यावरचा बर्फ धुऊन निघायचा. मग जुलैत तीन-चार दिवस उघडीप आली, रात्री वारा पडलेला, हवा नुसती चिकट. रात्री पावणेदोनला युटिलिटीच्या सुपरवायझरचा फोन, "सर, गेटवर पन्नास माणसं आलीत, फायर ब्रिगेडची गाडी पण आलीये, लोक म्हणतात गॅस लीक झालाय."

लीक नव्हता. पिंजऱ्यातून गार हवा खाली पडते, जड असते म्हणून जमिनीलगत सरकत जाते, आणि हवेतली वाफ तिच्यात गोठून धुकं होतं. जानेवारीतल्या कोरड्या दुपारी पिंजऱ्याच्या पायाशी जेमतेम वीतभर धुकं झालं असतं. जुलैत दमटपणा नव्वद टक्क्यांकडे गेला की तेच धुकं कमरेएवढं होतं. आणि व्हेपोरायझर आम्ही ठेवले होते पूर्वेच्या कंपाउंडला चिकटून, टँकरला वळायला जागा मिळावी म्हणून. भिंतीपलीकडे बारा फुटी गल्ली, गल्लीपलीकडे डोंगराच्या पायथ्याची वस्ती. पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून, म्हणजे जे काय आहे ते सगळं थेट वस्तीच्या दारात. जानेवारीत वारा उलटा होता. नकाशावर वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण मीच काढलेला, एकच बाण, जानेवारीचा.

लोकांना घाबरट म्हणायची सोय नाही. हे २०२४ सालचं, डोंबिवलीच्या एमआयडीसीत २३ मेला स्फोट झाला होता, त्याला दोन महिने पण झाले नव्हते, घरोघरी त्याचे व्हिडिओ बघितलेले. अशात मध्यरात्री दाराखालून पांढरं काहीतरी आत यायला लागलं तर कोण झोपून राहील? प्लँट हेड लोकांना सांगत होता, "अहो ही नुसती पाण्याची वाफ आहे." त्यावर एक मावशी पुढे आल्या आणि म्हणाल्या, "वाफ असती तर गरम लागली असती ना. ही तर गार लागते. आम्हाला काय कळत नाय का?"

ह्याला प्लँट हेडकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्या मावशींचा तर्क त्याच्यापेक्षा बरा होता. सुपरवायझर साताऱ्याचा, तो म्हणाला, "मावशी, मच्छी मार्केटात बर्फाची लादी फोडतात तेव्हा वरून पांढरं निघतं बघा, ते हेच." मावशी क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "बरं, पण ते मार्केटात असतं, माझ्या घरात का?" ह्यालाही उत्तर नव्हतं.

फायर ब्रिगेडवाल्यांनी मीटर लावला, भिंतीशी मिथेन शून्य. लोक तीनच्या सुमारास गेले. पण सकाळी मंडळाकडे लेखी तक्रार गेली, "कंपनी रात्रीच्या वेळी पांढरा विषारी धूर सोडते", खाली चाळीसेक सह्या. आठवड्यात खुलासा मागणारं पत्र आलं आणि सोबत आमच्याच अर्जातली ती ओळ: व्हेपोरायझर, उत्सर्जन नाही.

क्लायंटचं पहिलं म्हणणं असं की पाण्याचे थेंब हे प्रदूषण नाही, कायद्यात कुठे बसत नाही, तसा कडक खुलासा ठोकून द्या. मी कायदा काढून बसलो. वायू कायद्यातली प्रदूषकाची व्याख्या बघा, हवेतला कुठलाही घन, द्रव किंवा वायू पदार्थ जो माणसांना, इतर जीवांना, झाडांना, मालमत्तेला वा पर्यावरणाला अपायकारक आहे किंवा होऊ शकतो *इतक्या प्रमाणात* असेल तो. धुकं द्रव आहे, पण अपायकारक? वाद घालता आला असता आणि बहुतेक जिंकलोही असतो. पण मला दुसरीच भीती होती. एलएनजी खरोखर गळला तरी दिसतं ते पांढरं धुकंच. मिथेनला रंग नाही, एलएनजीला वासही नाही कारण घरच्या गॅससारखा वासाचा पदार्थ त्यात अजून मिसळलेला नसतो, आणि साधारण उणे एकशे दहाच्या खालचा मिथेन हवेपेक्षा जड असतो म्हणजे तोही जमिनीलगतच सरकणार. निरुपद्रवी धुकं आणि जीवघेणं धुकं डोळ्याला एकसारखं. आज आपण चाळीस घरांना शिकवलं की पांढरं दिसलं तर काही नसतं, झोपा, तर ज्या दिवशी काही असेल त्या दिवशीही ते झोपतील. हे मी प्लँट हेडला असंच्या असं सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला.

मॅडम परत आल्या. पहिल्यांदा सकाळी अकराला आल्या, धुकं नाहीच. त्या म्हणाल्या मी पहाटे येते. आणि आल्या, साडेपाचला, स्वतःच्या गाडीने, हे मुद्दाम लिहितोय कारण आपण सरकारी माणसांबद्दल फक्त वाईटच लिहितो. गल्लीत उभ्या राहिल्या, मीटर धरला, शून्य, फोटो काढले, मावशींच्या ओट्यावर चहा घेतला.

धुकं घालवायचे उपाय तीन निघाले. एक, मोठे पंखे लावून ते वर फेकायचं. स्वस्त, पण रात्रभर आवाज, म्हणजे धुक्याची तक्रार जाऊन आवाजाची येणार. दोन, व्हेंडरने सुचवलेला गरम पाण्याच्या टाकीचा व्हेपोरायझर, ज्यात गॅसचा छोटा बर्नर पाणी तापवतो. क्लायंटला हा एकदम आवडला, धुकं पूर्ण जातं, जागा कमी लागते. मी हिशेब मांडला. तासाला ३२५ किलो एलएनजी वायू करून खोलीच्या तापमानाला आणायला साधारण ७७ किलोवॅट उष्णता लागते. ती गॅस जाळून द्यायची तर तासाला साडेसहा किलो गॅस, म्हणजे येणाऱ्या गॅसच्या दोन टक्के, आणि त्याला एक चिमणी, त्यातून नॉक्स आणि कार्बन मोनॉक्साइड. म्हणजे जे दिसतं पण प्रदूषण नाही ते घालवायला जे प्रदूषण आहे पण दिसत नाही ते आणायचं, आणि वर परत कन्सेंटमधे चिमणीची एक ओळ वाढवायची. गंमत अशी की लोक खूश झाले असते. तक्रारही आली नसती. मंडळालाही फाइल बंद करता आली असती. मला त्या उपायात सगळ्यात जास्त खुपलं ते हेच.

तिसरा उपाय बॉयलर अटेंडंट काकांनी सुचवला, म्हणजे उपाय म्हणून नाही, सहज बोलता बोलता. "साहेब, इकडे गॅस गरम करायला हवाय आणि तिकडे कूलिंग टॉवरवर आपण पाणी थंड करायला पंखे फिरवतोय." एवढंच. ७७ किलोवॅट म्हणजे कूलिंग टॉवरचं पाणी पाच अंशांनी थंड करायचं म्हटलं तर तासाला तेरा घनमीटर, एक साधा पंप. मधे एक हीट एक्स्चेंजर, पाणी गोठू नये म्हणून प्रवाह थांबला की एलएनजी बंद करणारा इंटरलॉक, आणि हवेवरचे पिंजरे स्टँडबायला. बर्नर नाही, चिमणी नाही, वर कूलिंग टॉवरचा थोडा भार कमी. व्हेंडर नाखूश होता कारण त्याच्या कॅटलॉगमधे हे नव्हतं, पेसोकडे ड्रॉइंग परत मंजूर करून घ्यावं लागलं, त्यात पावसाळा संपला. तेवढे महिने काय केलं? रात्री बॉयलरचा लोड कमी केला, पिंजरे चार-चार तासांनी बदलले, आणि भिंतीला पत्र्याची आडवण घातली. पत्र्याने फार काही झालं नाही, धुकं खालून जायचं ते बाजूने जायला लागलं.

भिंतीवर मात्र चार मिथेन डिटेक्टर लगेच बसवले. मिथेन हवेत पाच टक्के झाला की पेट घेऊ शकतो, त्याच्या वीस टक्क्यांना म्हणजे हवेत एक टक्का मिथेन दिसला की भोंगा. आणि गल्लीच्या बाजूला दिवा, हिरवा आणि लाल. वस्तीत बैठक घेतली, तिथे सुपरवायझरच बोलला, मी नाही. पांढरं दिसलं की दिव्याकडे बघा, हिरवा असेल तर धुकं, लाल झाला किंवा भोंगा वाजला तर विस्तव, स्विच कशाला हात न लावता वाऱ्याच्या आडवं निघा. एकाने विचारलं लाइट गेली तर? चांगला प्रश्न, बॅटरी बॅकअप नव्हता, दुसऱ्या दिवशी ऑर्डर केला. दिवा विझलेला दिसला तर लाल समजायचं, हेही तिथेच ठरलं.

खुलाशात आम्ही सगळं लिहिलं. व्हेपोरायझरची ओळ बदलली, "ज्वलनजन्य उत्सर्जन नाही; पावसाळ्यात दृश्य धुकं होतं, दिशा ईशान्य, अंतर साधारण चाळीस मीटर", सोबत पहाटेचे फोटो, मीटरचे आकडे, बारा महिन्यांचे वाऱ्याचे बाण, ह्या वेळी खरोखर बारा. मॅडमनी वाचून एकच विचारलं, हे आधी का नाही दिलं. मी म्हटलं जानेवारीत आलो होतो. त्या म्हणाल्या मी पण.

तक्रार बंद झाली. पण तिच्या मागे एक गोष्ट सापडली ती सांगायची राहिली. खुलाशासाठी व्हेंटची नोंदवही मागवली तेव्हा बघितलं, टाकी सात बार दाबावर चालवत होते आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उघडायचा आठला. का? तर व्हेंडरने बसवताना तसं सेट करून दिलं होतं, कुणी हात लावला नाही. बर्नरला अर्धा बार पण लागत नाही. सातवर टाकी ठेवून दोन-तीन दिवस प्लँट बंद राहिला की व्हॉल्व्ह फुसफुसायला लागणार, आणि जुलैतच एका लांबलेल्या शटडाउनमधे तो उघडला होता, वहीत लिहिलेलं, "व्हेंट, ४० मिनिटं, आवाज". तेवढ्या दिवसांत आमच्याकडून हवेत गेलेली, ज्याचा खरोखर हिशेब लागावा अशी ही एकमेव न जाळलेली गोष्ट. तिच्याबद्दल एकही तक्रार आली नाही. दुपार होती, ऊन होतं, वर काही दिसलंच नसणार.

गणपती त्या वर्षी ७ सप्टेंबरला. चार दिवस आधीपासून टाकीच्या वरची वाफ आधी बॉयलरला द्यायची असा व्हॉल्व्ह लावून दाब चारवर आणला, टँकरची ऑर्डर पुढे ढकलली नाही, उलट टाकी बऱ्यापैकी भरलेली ठेवली, कारण भरलेली टाकी हळू तापते, रिकामी लवकर. पाच दिवसांनी गौरी-गणपती करून लोक परत आले तेव्हा दाब पाचच्या थोडा खाली होता. व्हेंट उघडला नाही.

३० सप्टेंबरच्या आत मंडळाला वार्षिक पर्यावरण विवरणपत्र जातं, फॉर्म पाच. त्यात व्हेंटला रकाना नाही. मी वेगळ्या कागदावर जुलैची ४० मिनिटं आणि गणपतीचं शून्य असं दोन्ही लिहून जोडलं. क्लायंट म्हणाला मागितलेलं नसताना कशाला देता, मी म्हटलं चाळीस मिनिटं वहीत आहेतच. त्याने सही केली, पण कागद जरा उशिराच परत पाठवला.